नाव हितंच सोडलंय

१

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुरबाडच्या पुढच्या एका खासगी दवाखान्यात औषधखोलीचं दार उघडलं. आतल्या थंड कपाटात सर्पदंशावरच्या औषधाच्या बारा बाटल्या असायच्या. साडेनऊला कपाट उघडलं तर एकही नव्हती. त्याच संध्याकाळी डोंगरातल्या एका वाडीवरची बाई घोणस चावली म्हणून आली, तिला तशीच पुढं पाठवावी लागली. वाचली ती. पण स्वतःच्या नशिबानं वाचली, दवाखान्याचा त्यात काडीचा हात नाही.

औषधखोलीला कुलूप नव्हतं. दाराशेजारी एक डबी होती. तिला कार्ड लावायचं, मग डबी ठरवणार ह्या माणसाला आत घ्यायचं का, आणि घेतलं तर त्याचं नाव लिहून ठेवणार. मंगळवारी सात-दहाला डबीनं लिहिलेलं नाव होतं रोशन मेंगाळ.

रोशन तेवीस वर्षांचा, किन्हवलीच्या पलीकडच्या एका ठाकूरवाडीतला. दवाखान्यात वरकामाला लागून त्याला पाच महिने झालेले, आणि औषधखोलीत जायची मुभा सोमवारी संध्याकाळीच मिळालेली. म्हणजे आज मुभा मिळाली आणि उद्या माल गायब. वाडीवरच्या पोराला चोर ठरवायला आपल्याकडं इतकं लागतही नाही. इथं तर मशीनची साक्ष होती. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर चंद्रकलाबाईंनी त्याचं कार्ड काढून घेतलं, त्याला घरी पाठवलं आणि वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, पोलिसांत द्या, पण आधी मशीनवाल्यांकडून लिहून घ्या की मशीन खोटं लिहीत नाही. शनिवारी चार वाजता तक्रार द्यायची ठरली.

मशीनवाले शहापूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर बसायचे. मालक आदेश घुडे आणि हाताखाली तिघं, रेश्मा, ओमकार आणि सोनाली. त्यांचा माल म्हणजे ‘पहारा’ नावाची लायब्ररी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कोणाला कुठल्या दारातून जायची मुभा आहे ह्याचे नियम सांभाळणारा कोडचा गठ्ठा, जो अशा डब्यांच्या पोटात बसतो.

गुरुवारी सकाळी आदेशनं रेश्मा विशेला बोलावलं. रेश्मा कॉमर्सला दोनदा नापास झालेली. कोड शिकली ती घरच्या घरी, मोबाइलवर. दुसऱ्याचं कोड वाचून त्यातली खोट काढायची, हे तिचं काम. आदेश म्हणाला, मेमरी नीट हाताळलीय का तेवढं बघ, आणि शनिवारच्या आत स्वच्छ आहे म्हणून सही दे.

“बघायच्या आधीच स्वच्छ?” रेश्मानं विचारलं.

“तुझ्या सहीवर कोणी जेलात जाणारे, एवढं ध्यानात ठेवून बघ,” आदेश म्हणाला. ह्याचा अर्थ नीट बघ असा की लवकर बघ असा, हे तिला जिना उतरून चहा पिऊन परत येईपर्यंत कळलं नाही.

२

मेमरी म्हणजे संगणकातली जागा. प्रोग्रामनं जागा मागायची, तीत काही ठेवायचं, काम झालं की जागा परत करायची. परत केलेली जागा संगणक दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकतो. व्यवहार एवढाच. परत करायची राहिली तर जागा फुकट अडकून पडते, आणि परत केल्यावरही कोणी तिच्यावर हक्क सांगत राहिलं तर काय होईल ते सांगता येत नाही. कधी काहीच होत नाही, कधी डबी बंद पडते.

‘पहारा’च्या अकरा हजार ओळी होत्या. रेश्मानं आधी तपासणारा प्रोग्राम चालवला. तो म्हणाला, सगळं ठीक. तिनं कार्डं टाकली, काढली, परत टाकली. सगळं ठीक. दुपारी जेवणाच्या आधी तिनं सहज म्हणून एक कार्ड काढून लगेच दुसरं टाकलं आणि काढलेलं कार्ड लावून बघितलं.

चाचणीसाठी केलेलं खोटं दार उघडलं. पडद्यावर नाव आलं, ते नव्या कार्डाचं.

तिनं परत केलं. दार बंद. आणखी वीस वेळा केलं. बंद, बंद, बंद. आपण मघाशी बघितलं ते खरं की भुकेनं दिसलं, तिला कळेना. डबा उघडला, भाकरी तशीच ठेवून परत बसली.

संध्याकाळपर्यंत तिला दोनच गोष्टी कळल्या. कार्ड काढायचं काम ओमकारच्या फायलीत होतं आणि दार उघडताना नाव वाचायचं काम सोनालीच्या. ओमकारची फाइल वाचली की वाटे, ओमकार बरोबर. सोनालीची वाचली की वाटे, सोनाली बरोबर. जागा परत करणारी ओळ समोर दिसत नव्हती; ती कुठंतरी खोल, चार पायऱ्यांखाली होती आणि तिथवर पोचायला अकरा हजारांतल्या अजून सहा हजार उरल्या होत्या. ओमकारच्या फायलीवर मात्र त्यानं तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं टीप लिहिलेली. कंपनीत टिपा मराठीत लिहायच्या, हा आदेशचा अभिमान.

टीप होती: नाव हितंच सोडलंय.

३

शुक्रवारी सकाळी तिनं दोघांना वेगवेगळं गाठलं.

ओमकार मुरबाडच्या शेतकरी घरातला. सकाळी गोठा काढून, आंघोळ करून मग कंपनीत येणारा. तिनं विचारलं, कार्ड काढल्यावर नावाचं तू काय करतोस? त्याला रागच आला. म्हणाला, तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, मराठी वाचता येत नाय काय तुमाला? नाव हितंच सोडलंय. मी माझं काम अर्धवट ठेवत नाय.

सोनाली वाशिंदची. बाप रोज कल्याणला जाणारा, घरात अर्धी हिंदी. ती शांतपणे म्हणाली, हो, त्यानं नाव तिथंच सोडलंय, म्हणून तर मी बिनधास्त वापरते. त्यानं सोडलं नसतं तर मी माझी वेगळी नक्कल करून ठेवली असती ना.

रेश्मा जिन्यात येऊन बसली. दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलले तर एक खोटा असतो, हे तिला ठाऊक होतं. पण इथं दोघं शब्दाला शब्द तेच सांगत होते, तिनं स्वतः टीप वाचली तेव्हा तिलाही तेच कळलं होतं, आणि तरी कालचं ते दार उघडलं होतं.

मग तिनं सोनालीला एकच गोष्ट विचारली. सोमवारी दवाखान्यात कार्डं भरायला गेलीस तेव्हा तू नेमकं काय काय केलंस, आणि कुठल्या क्रमानं?

सोनालीनं बोटं मोडत सांगितलं. औषधखोलीचे वाल्मिकभाऊ, त्यांच्या कार्डाला तडा गेला होता. त्यांना आधी नवं कार्ड दिलं. मग त्यांचं जुनं काढून टाकलं. मग रोशनचं टाकलं. चहा घेतला, सहाच्या गाडीनं परत.

“आणि डबी? तेव्हापासून चालूच आहे?”

“मंगळवारी दुपारी लाइट गेली होती की त्यांची. बॅटरी पण संपली. मग परत चालू झाली.”

म्हणजे मंगळवारी सकाळी डबीच्या पोटात काय होतं, ते दुपारी पुसलं गेलं, लिहिलेली नावं तेवढी राहिली. पुरावा लाइटीबरोबर गेला. रेश्मानं स्कूटीची किल्ली घेतली.

४

औषधखोलीचे वाल्मिक देसले पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. फार नीट बोलले. म्हणाले, ताई, पोरगा वाईट नव्हता, पण गरिबी माणसाला काय करायला लावील सांगता येत नाही. मंगळवारी ते स्वतः साडेनऊला आले, डबीत तसं लिहिलेलंही आहे. जुन्या कार्डाचं विचारलं तेव्हा म्हणाले, ते सोमवारीच मोडून कचऱ्यात टाकलं. थंड कपाटाचं तापमान लिहायचा कागद त्यांनी न मागता दाखवला. शनिवार, रविवार, सोमवार, सकाळ-संध्याकाळ, सगळीकडं चार अंश. एकदाही तीन नाही की पाच नाही.

रेश्माला त्यांचं सगळं पटलं, आणि पटलं म्हणून ती जास्तच गोंधळली. रोशननं चोरी केली असं धरलं तर कोडचं काही बिघडत नव्हतं. सही करायची आणि मोकळं व्हायचं. एवढं सोपं असताना आपण किन्हवलीच्या रस्त्याला का लागलोय, हे तिला वळण घेतल्यावरही नीट सांगता आलं नसतं.

वाडीवर रोशनची आई ठमी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. रेश्मानं ओळख सांगितली. मशीनवाल्यांची बाई म्हटल्यावर ठमीनं तिला बस म्हटलं नाही.

“मावशी, रोशन कुठाय?”

“बैल बघाया गेलाय.”

“हरवलाय?”

“हरवल कशाला? मीच सकाली खालच्या माळावं नेला न तितंच सोडला.”

“एकटा? दावं कोणी कापलं तर?”

ठमीनं शेंग खाली ठेवली आणि तिच्याकडं बघितलं. शहरातली माणसं किती मठ्ठ असतात, ते पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघावं तसं.

“दावं कसलं गो? सोडला म्हंजी सोडला. मोकला केला. बांधला असता त बांधला म्हनले असते. तुमच्यात काय म्हनतात?”

रेश्माच्या डोक्यात बांधलेला बैल उभा होता. ती लहानपणापासून तेच बोलत आली होती: पिशवी तिथंच सोडली, विषय तिथंच सोडला. म्हणजे जिथं होतं तिथं राहू दिलं, हात लावला नाही.

ठमीला आता बोलायची लहर आली. म्हणाली, कापणी झाल्यावर गुरं अशीच सोडतात, मोकळी चरतात. परवा असाच खुंटा रिकामा होता, तर शेजारणीनं तिची गाय आणून आमच्याच खुंट्याला बांधली. पोराला म्हाईत नाय. सकाळी उठून त्यानं बैलाला म्हणून भारा टाकला, बघतो तर गाय खातेय. “खुंटा आमचा, पेंढा आमचा, न खाल्ला मेलीच्या गायीनं.”

रेश्मा वळली ती थेट स्कूटीकडं धावली. ठमी मागून म्हणाली, मशीनवाल्यांना कामं फार.

५

ओमकारच्या घरात बैल सोडत होते, म्हणून त्यानं नाव सोडलं होतं. मोकळं केलं होतं, जागा परत दिली होती. वाशिंदच्या सोनालीनं ते वाचलं आणि तिला कळलं, नाव जागच्या जागी राहू दिलंय. एकच शब्द, दोघंही खरे, आणि दोघांच्या मधल्या फटीत एका पोराचं नाव अडकलेलं.

कंपनीत पोचल्यावर तिनं तो क्रम जसाच्या तसा केला. वाल्मिकचं नवं कार्ड टाकलं. जुनं काढलं. ओमकारच्या कोडनं जुन्या नोंदीची जागा परत केली. लगेच रोशनचं टाकलं. संगणकानं रिकामी जागा बघितली आणि रोशनला नेमकी तीच दिली. पण दाराची यादी सोनालीची. तिच्या लेखी वाल्मिकचं जुनं कार्ड अजून त्याच जागेकडं बोट दाखवत होतं. जुनं कार्ड लावलं की डबी त्या जागेवर जाऊन विचारणार, इथं कोण आहे, ह्याला मुभा आहे का?

खुंटा तोच. त्याला आता रोशन बांधलेला होता.

तिनं जुन्या कार्डाचा नंबर लावला. दार उघडलं. नाव: रोशन मेंगाळ. परत लावला, परत रोशन. दहाच्या दहा वेळा. गुरुवारी एकदाच का झालं, तेही आता कळलं. मध्ये काही तिसरंच घडलं की ती जागा भलत्यालाच जायची. सोमवारी मध्ये काहीच घडलं नव्हतं, सोनालीनं चहा नंतर घेतला होता.

आदेश मागं उभा राहून बघत होता. त्यानं कपाळ चोळलं. मग म्हणाला, आपली अकरा गिऱ्हाइकं आहेत, रेश्मा. आपण गुपचूप दुरुस्त करून पाठवू. त्या पोराचं असं लिही की नक्की सांगता येत नाही.

“नक्की सांगता येतं,” रेश्मा म्हणाली. “अकराही जणांना मी आत्ताच कळवलंय.”

आदेशनं तिला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शनिवारी तो तिच्याबरोबर गाडीत बसला, हेही खरं.

रस्ताभर तिला एकच काळजी होती. रोशनच्या नावानं दुसरंही कार्ड दार उघडतं हे सिद्ध झालं, पण कोणी उघडलं ते नुसत्या कोडवर सिद्ध होणार होतं का? वाल्मिकचं जुनं कार्ड तर सोमवारीच कचऱ्यात गेलं होतं.

६

तीन वाजता औषधखोलीसमोरच्या बोळात सगळी जमली. डॉक्टर चंद्रकलाबाई, त्यांचा वकील, वाल्मिक. रोशनला निरोप धाडून बोलावलेलं. तो भिंतीशी, हात मागं बांधून उभा. दवाखान्यात झाडलोट करणारी धोंडीबाई चहाचे कप घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

डबीत अजून जुनंच कोड होतं, रेश्मानं तिच्यावर सोमवारचा क्रम परत केला. मग एक कोरं कार्ड घेऊन त्यावर वाल्मिकच्या जुन्या कार्डाचा नंबर भरला आणि ते डबीला लावलं. दार उघडलं. छोट्या पडद्यावर नाव आलं. वकिलानं ते मोठ्यानं वाचलं: रोशन मेंगाळ. आणि रोशन दहा पावलांवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

चंद्रकलाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

रेश्मानं खुंट्याची गोष्ट सांगितली, कारण मेमरीची सांगून उपयोग नव्हता. मग म्हणाली, रोशनच्या नावानं दार उघडू शकेल असं रोशनच्या कार्डाशिवाय एकच कार्ड जगात होतं. ते वाल्मिकभाऊंचं जुनं.

“जुनं कार्ड मी मोडलं,” वाल्मिक म्हणाले. आवाज अजून नीट होता. “आणि नसतं मोडलं तरी काय? तडा गेलेलं कार्ड, त्यानं दार उघडतंय थोडंच. दोनदा, तीनदा घासावं तेव्हा एखाद्या वेळी लागतं. मंगळवारी पण—”

ते थांबले. धोंडीबाईच्या ट्रेमधले कप तेवढे वाजले.

वाल्मिक तिथंच बाकावर बसले आणि सांगायला लागले. चोरी नव्हतीच. शनिवारी कपाट पुसायचं म्हणून त्यांनी वायर काढली आणि परत लावायची राहिली. सोमवारी सगळी गडबड कार्डांची, कपाट उघडलंच नाही. चार अंश त्यांनी न बघता लिहिले, नेहमीसारखे. रात्री घरी आठवलं. मंगळवारी पहाटे उठून आले, खिशात जुनं कार्ड होतं तेच सवयीनं लावलं. आत औषध कोमट झालेलं, निकामी. बारा बाटल्या पिशवीत घातल्या, वायर लावली, घरी माळ्यावर नेऊन ठेवल्या आणि साडेनऊला नव्या कार्डानं परत आले. आपलं नाव लागलं असणार, ह्या भीतीनं डबी बघितली तर तिथं रोशन.

“मला वाटलं देवच पावला,” ते म्हणाले.

चंद्रकलाबाई रोशनकडं वळल्या. म्हणाल्या, “अरे, पण तू बोलला का नाहीस? त्या वेळी तू कुठं होतास?”

हा प्रश्न मंगळवारपासून आज पहिल्यांदा विचारला गेला होता. रेश्मानंही तो विचारला नव्हता. दोन दिवस ती अकरा हजार ओळींना विचारत होती.

रोशनच्या आधी धोंडीबाईच बोलली. “सातच्या गाडीत व्हता. किन्हवलीस्नं. माज्याच बाजूला बसलेला, उलटी व्हते म्हनून मना खिडकी दिली त्यानं. मी त्याच दिवशी सांगितलं वाल्मिकभाऊंना. ते म्हनले, मी सांगतो बाईंना.”

वकिलानं तक्रारीचा कागद घडी करून पिशवीत घातला. एका बाईला एक प्रश्न, एवढ्यावर मिटलं असतं. त्यासाठी लायब्ररी उकलायला लागली, कारण लायब्ररीच्या शब्दाला वजन होतं आणि धोंडीबाईच्या शब्दाला नव्हतं. रेश्मानं खोट शोधली, ती खरीच होती, अकरा दारं सुधारणार होती. पण आपण नक्की काय सोडवलं, हे तिला त्या बोळात उभं राहून उमजेना.

चंद्रकलाबाई म्हणाल्या, झालं ते झालं, रोशन, उद्यापासून ये कामावर. वाल्मिकचं काय करायचं ते मी बघते. ड्रॉवरमधून त्यांनी त्याचं कार्ड आणवलं आणि स्वतः त्याच्यापुढं धरलं.

रोशननं ते घेतलं नाही.

“येतो कामाला,” तो म्हणाला. “पन त्याच्यात माजा नाव नाय टाकायचा. मना किल्ली द्या.”

“अरे, सगळ्यांचंच नाव आहे त्यात. माझं पण आहे.”

“तुमचं ठेवा.”

चंद्रकलाबाईंनी रेश्माकडं बघितलं. रेश्मा म्हणाली, दुरुस्त केलंय, आजच ह्या डबीत टाकते, आता तसं होणार नाही. म्हणताना तिला स्वतःलाच ते हलकं वाटलं. मग बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, किल्ली कुठून देऊ बाळा, ह्या दाराला किल्लीचं भोकच नाही.

“मंग दार बदला,” रोशन म्हणाला, आणि वाल्मिक उठून गेलेल्या बाकावर बसून राहिला.